भोपाळ : मध्यरात्रीआधीच्या सह्या

भोपाळच्या दुर्घटनेची वेळ विचारली तर कुणीही सांगेल, २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मधली रात्र. युनियन कार्बाइडच्या कीटकनाशक कारखान्यातून सुमारे ४० टन मिथाइल आयसोसायनेट, म्हणजे ‘मिक’, बाहेर पडलं आणि उजाडेपर्यंत जुन्या शहराच्या गल्ल्यांमध्ये माणसं आणि गुरं शेजारीशेजारी मरून पडली होती. वायू रात्री सुटला हे खरं. पण त्या रात्री जे जे चाललं नाही, ते आधीच कधीतरी, कुठल्यातरी टेबलावर, कुणाच्या तरी सहीने बंद झालेलं होतं. म्हणून हा घटनाक्रम त्या टेबलांपासून सुरू करतो.

सत्तरचं दशक : टाक्या किती मोठ्या?

मिक हे द्रव ३९ अंश सेल्सिअसला उकळतं. पाण्याशी गाठ पडली की ते तापतं, तापलं की प्रक्रिया आणखी वेगाने होते आणि मग तिला आवरणं कठीण जातं. म्हणून ते शून्याच्या आसपास थंड ठेवायचं आणि पाण्यापासून लांब ठेवायचं, हा पहिला नियम. लागेल तेवढंच बनवायचं आणि साठवायचंच नाही, हा त्याहून शहाणा नियम. भारतीय उपकंपनीचा शेतकी रसायनांचा विभाग सांभाळणारे एडवर्ड मुन्योज यांनी पुढे शपथपत्रात सांगितलं, की आपण साठा अगदी थोडा ठेवावा असं सुचवलं होतं, पण अमेरिकेतल्या मूळ कंपनीने मोठ्या टाक्यांचाच आग्रह धरला. भोपाळमध्ये तीन टाक्या बसल्या : ६१०, ६११ आणि ६१९. तिसरी नेहमी रिकामी ठेवायची होती. गडबड झालीच, तर माल तिच्यात वळवता यावा म्हणून.

डिसेंबर १९८१ : पहिला बळी

फॉस्जीन या विषारी वायूच्या गळतीत एका कामगाराचा जीव गेला. पुढच्या महिन्यात पुन्हा गळती झाली आणि २४ कामगार रुग्णालयात गेले. मेलेल्या कामगाराचा एक मित्र भोपाळमध्ये छोटं साप्ताहिक चालवायचा. त्याचं नाव राजकुमार केसवानी. त्याने कारखान्याची कागदपत्रं मिळवायला सुरुवात केली.

मे १९८२ : तपासणीचा अहवाल

मूळ कंपनीचं पथक अमेरिकेतून सुरक्षेची तपासणी करायला आलं. त्यांच्या अहवालात विषारी द्रव्य बाहेर पडण्याच्या शक्यता एकेक करून नोंदवलेल्या आहेत. त्यातली एक नोंद अशी : फिल्टरच्या नळ्या साफ करताना त्या ‘स्लिप ब्लाइंड’ न घालताच धुतल्या जातात आणि झडपा गळक्या असतील तर यातून गंभीर धोका होऊ शकतो. स्लिप ब्लाइंड म्हणजे नळीच्या जोडात सरकवायची धातूची चकती. ती घातली की धुण्याचं पाणी पलीकडच्या भागात जाऊ शकत नाही. ही नोंद लक्षात ठेवावी. अडीच वर्षांनी ती पुन्हा समोर येणार आहे.

सप्टेंबर १९८२ : शहराला सांगितलं गेलं होतं

केसवानींनी आपल्या ‘रपट’ साप्ताहिकात लिहिलं की हे शहर धोक्यात आहे, वाचवा. मग पुन्हा लिहिलं. राज्याच्या विधानसभेत प्रश्न आला, तेव्हा कामगार मंत्र्यांचं उत्तर होतं की २५ कोटींचा कारखाना म्हणजे उचलून दुसरीकडे ठेवायला काही दगड नव्हे, भोपाळला कसलाही धोका नाही. जून १९८४ मध्ये केसवानींनी हीच गोष्ट ‘जनसत्ता’त देशासमोर मांडली. कुणी हललं नाही.

१९८३ ते १९८४ : काटकसर

कारखाना वर्षाला ५,००० टन ‘सेव्हिन’ हे कीटकनाशक बनवण्यासाठी उभारला होता. १९८३ मध्ये उत्पादन त्याच्या एक तृतीयांशावर आलं. कारखाना तोट्यात गेला आणि खर्चाला कात्री लागली. मिक विभागात एका पाळीला १२ माणसं असायची, ती ६ झाली. देखभालीची माणसं ६ वरून २ वर आली. जाणती माणसं सोडून गेली. कामाच्या सूचना इंग्रजीत होत्या आणि त्या वाचायच्या होत्या हिंदी बोलणाऱ्या कामगारांना. शेवटी, दुर्घटनेच्या काही दिवस आधी, दुसऱ्या पाळीच्या देखभाल पर्यवेक्षकाचं पदच रद्द झालं. धुण्याआधी स्लिप ब्लाइंड घातली की नाही हे बघणं याच माणसाचं काम होतं.

जून १९८४ : थंडावा बंद

टाक्यांमधलं द्रव थंड ठेवणारं ३० टनी शीतकरण यंत्र बंद केलं गेलं. त्यातलं थंडावा देणारं द्रव्य, फ्रिऑन, काढून दुसऱ्या कामासाठी नेलं. आता मिक बाहेरच्या हवेइतकं, म्हणजे १५ ते २० अंशांवर राहू लागलं. तापमान वाढल्याची सूचना देणारी घंटा ११ अंशांवर वाजायची होती. द्रव कायम त्याच्या वरच असल्यामुळे त्या घंटेला अर्थच उरला नाही.

११ सप्टेंबर १९८४ : न पाठवलेला कागद

अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनियातल्या इन्स्टिट्यूट गावात याच कंपनीचा मिकचा कारखाना होता. तिथल्या अंतर्गत टिपणात इशारा होता : टाकीत प्रक्रिया हाताबाहेर जाऊ शकते आणि आपली धावपळ वेळेत पुरी पडेलच असं नाही. हा कागद इन्स्टिट्यूटला पोचला, भोपाळला पाठवला गेला नाही. घातक द्रव्य तेच, कंपनी तीच, टाकीही तशीच होती. इशारा मात्र एकाच देशातल्या माणसांसाठी होता.

ऑक्टोबर १९८४ : उरलेली कुलुपं

२२ ऑक्टोबरला मिकचं उत्पादन थांबलं. ६१० मध्ये तोवर सुमारे ४२ टन साठा जमला होता. वायू बाहेर निघालाच तर कॉस्टिक सोड्याने धुऊन निकामी करणारा स्क्रबर होता, तो राखीव म्हणून थांबवला गेला. उरलेला वायू उंचावर जाळून टाकणारा फ्लेअर टॉवर होता. त्याच्या नळीचा गंजलेला तुकडा बदलायला काढला आणि नवा बसलाच नाही. रिकामी ठेवायची ६१९ रिकामी नव्हती. आणि ६१० मध्ये नायट्रोजनचा दाब धरत नव्हता, म्हणजे कुठेतरी गळती होती. ३० नोव्हेंबर आणि १ डिसेंबरला दाब चढवायचा प्रयत्न फसला. शेवटी ६१० ला तसंच सोडून बाजूच्या टाकीतून माल घेतला गेला.

रविवार, २ डिसेंबर, रात्री ९.३० : सव्वातीन तास आधी

मिक विभागातला पर्यवेक्षक कंपनीच्या बॅटरी कारखान्यातून नुकताच बदलून आलेला होता. त्याने एका कामगाराला फिल्टरच्या नळ्या पाण्याने धुवायला सांगितलं. कामगाराने पाणी सोडलं. स्लिप ब्लाइंड घातलेली नाही हे त्याला दिसत होतं, पण ती घालणं देखभालवाल्यांचं काम होतं आणि त्या पाळीला देखभालीचा पर्यवेक्षकच नव्हता. त्याने नंतर पत्रकारांना सांगितलं, की पाणी नीट बाहेर पडेना म्हणून आपण ते बंदही केलं होतं, पण पुन्हा सुरू करायला सांगण्यात आलं.

पाणी ६१० मध्ये शिरलं कसं, यावर आजही वाद आहे. कामगारांचं आणि अनेक तज्ज्ञांचं म्हणणं, की ते धुण्याच्या नळ्यांतूनच गेलं. कंपनीचं म्हणणं, की रागावलेल्या एखाद्या कामगाराने मुद्दाम टाकीला पाण्याची नळी जोडली. हा दावा कंपनीने कुठल्याही न्यायालयात सिद्ध केला नाही. आणि तो खरा धरला, तरी प्रश्न तोच राहतो. एका माणसाच्या चुकीने किंवा सूडबुद्धीने शहर मरू नये, म्हणूनच शीतकरण, स्क्रबर, फ्लेअर आणि रिकामी टाकी असते. यांतलं एकही जागेवर नव्हतं.

रात्री १०.४५ : दोन तास आधी

पाळी बदलली. थोड्या वेळापूर्वी ६१० चा दाब दर चौरस इंचाला २ पौंड होता. अकराच्या सुमारास नव्या पाळीतल्या ऑपरेटरने कंट्रोल रूममध्ये गेज पाहिलं, तर काटा १० वर. २ ते २५ पर्यंत दाब नेहमीचाच समजला जायचा. तासाभरात तो पाचपट झाला, हे त्याला कळायला आधीच्या पाळीची नोंद मुद्दाम शोधून पाहावी लागली असती. तापमानाच्या आकड्यावर भरवसा ठेवावा, तर ती यंत्रणा फार दिवसांपासून बिघडलेली होती.

रात्री ११.३० : सव्वा तास आधी

मिक विभागातल्या कामगारांचे डोळे चुरचुरू लागले. या कारखान्यात गळती ओळखायची तीच रीत होती : डोळ्यांतून पाणी आलं की कुठेतरी मिक गळतंय. गळती शोधायला माणसाचे डोळे वापरले जात होते, आणि ते कुणाला विचित्रही वाटत नव्हतं. शोधाशोध झाली, एका जागी थेंब थेंब गळताना दिसलं. पर्यवेक्षकाला कळवलं. ठरलं असं, की चहाच्या सुट्टीनंतर बघू.

मध्यरात्री १२.१५ : अर्धा तास आधी

चहा आला. हा प्रसंग सांगताना पुष्कळ लोक त्या कामगारांवर चिडतात. मला तसं करवत नाही. गळती रोजची होती, डोळे रोज चुरचुरायचे आणि रोज काही झालेलं नव्हतं. धोक्याची सवय कामगार घरून घेऊन येत नाही. ती त्याला कारखाना लावतो. ज्या व्यवस्थेत १९८१ पासूनच्या प्रत्येक गळतीनंतर काम जसंच्या तसं सुरू राहिलं, त्या व्यवस्थेने शिकवलेला धडाच ती माणसं चहा पिताना पाळत होती.

१२.४० : पाच मिनिटं आधी

दाबाचा काटा ४० वर गेला, मग ५५ च्या पलीकडे, गेजच्या टोकाला. तापमानाचा काटाही टोकाला. ऑपरेटर टाकीकडे धावला. टाकीवर काँक्रीटचा जाड थर होता. तो थरथरत होता, त्याला तडे जात होते आणि आतून घरघर ऐकू येत होती. धग इतकी, की जवळ उभं राहवत नव्हतं.

१२.४५ च्या सुमारास : शून्य

सुरक्षा झडप उघडली आणि स्क्रबरच्या उंच नळीतून वायू कर्कश आवाज करत बाहेर पडू लागला. स्क्रबर सुरू केला, पण कॉस्टिक फिरत असल्याची खूण दिसेना. फ्लेअरची नळी तुटकीच होती. ६१९ मध्ये माल वळवायचा, तर तीही रिकामी नव्हती. अग्निशामकांनी पाण्याचे फवारे मारले. ते जेमतेम १०० फूट उंच गेले आणि वायू १२० फुटांवरून निघत होता. वारा शहराच्या दिशेने वाहत होता.

कंपनीच्या बाजूने म्हणता येतं, की एवढ्या वायूपुढे स्क्रबर आणि फ्लेअर चालू असते तरी पुरे पडले नसते. कारण ती यंत्रं याहून फार लहान गळतीसाठी बनवली होती. हे खरं आहे. पण मग ४२ टन साठवायचं कुणी ठरवलं? प्रश्न फिरून पुन्हा पहिल्या टेबलावर येतो.

१२.५० : सायरन

कारखान्याचा सायरन वाजला. बाहेरच्या वस्तीला ऐकू जाणारा मोठा भोंगा काही मिनिटांतच बंद केला गेला. १९८२ पासून आतला आणि बाहेरचा असे दोन भोंगे वेगळे केले होते, म्हणजे छोट्या गळतीने शेजारपाजार घाबरायला नको. समोर जयप्रकाश नगरात, काझी कँपमध्ये, छोला भागात माणसं झोपली होती. ती जागी झाली ती खोकल्याने. डोळ्यांत तिखट गेल्यासारखी आग होत होती आणि श्वास छातीत अडकत होता. कुठे जायचं ते माहीत नसल्याने वायू जात होता त्याच दिशेने ती धावली. लहान मुलं उंचीने कमी असल्याने आधी पडली.

१.२५ ते २.१० : फोन

पोलीस नियंत्रण कक्षातून कारखान्याला पुन्हा पुन्हा फोन गेले. उत्तर आलं, सगळं ठीक आहे. शेवटच्या फोनला उत्तर आलं, काय झालंय ते आम्हाला माहीत नाही. हमीदिया रुग्णालयात माणसांची रीघ लागली होती. डॉक्टरांनी विचारलं, हा वायू कुठला आणि उपाय काय? कंपनीच्या वैद्यकीय अधिकाऱ्याने सांगितलं, की अश्रुधुरासारखा आहे, डोळे पाण्याने धुवा.

त्याच वेळी कारखान्यापासून जवळच असलेल्या भोपाळ स्टेशनात उपस्टेशन अधीक्षक गुलाम दस्तगीर प्लॅटफॉर्मवर उभे होते. त्यांचाही घसा जळत होता. वायू काय आहे हे त्यांनाही माहीत नव्हतं. वरिष्ठांच्या हुकुमाची वाट न पाहता त्यांनी प्लॅटफॉर्मवर उभी असलेली एक्स्प्रेस ठरलेल्या वेळेआधी सोडली आणि आजूबाजूच्या स्टेशनांना कळवलं की गाड्या भोपाळला पाठवू नका. शेकडो प्रवासी वाचले. दस्तगीर त्या रात्रीच्या वायूने उरलेलं आयुष्य आजारीच राहिले आणि २००३ मध्ये गेले. कारखान्यातल्या अधिकाऱ्यांपेक्षा त्यांच्याकडे माहिती कमी होती आणि अधिकारही कमी होता. जबाबदारी मात्र त्यांनी पुरती उचलली.

पहाट

दोन-अडीचच्या सुमारास टाकी रिकामी झाली आणि गळती आपोआप थांबली. मोठा भोंगा पुन्हा वाजला, पण तोवर तो ऐकून उपयोग व्हावा असं काही उरलं नव्हतं.

नंतरच्या तारखा

७ डिसेंबर १९८४ : मूळ कंपनीचे अध्यक्ष वॉरन अँडरसन भोपाळला उतरले. त्यांना अटक झाली, त्याच दिवशी जामीन मिळाला आणि सरकारी विमानाने ते दिल्लीला गेले. पुन्हा ते भारतातल्या न्यायालयासमोर उभे राहिले नाहीत. २०१४ मध्ये त्यांचं निधन झालं.

फेब्रुवारी १९८९ : भरपाईबाबत कंपनी आणि केंद्र सरकार यांच्यात ४७ कोटी डॉलरवर तडजोड झाली.

७ जून २०१० : भारतीय उपकंपनीचे माजी अध्यक्ष केशुब महिंद्रा यांच्यासह सात जणांना निष्काळजीपणाबद्दल दोन वर्षांची शिक्षा झाली आणि लगेच जामीनही मिळाला. ज्या कलमाखाली शिक्षा झाली, त्यात दोन वर्षांहून जास्त देताच येत नव्हती.

मार्च २०२३ : वाढीव भरपाईची केंद्र सरकारची याचिका सर्वोच्च न्यायालयाने फेटाळली.

जानेवारी २०२५ : कारखान्याच्या आवारात ४० वर्षं पडून राहिलेला सुमारे ३३७ टन विषारी कचरा शेवटी मध्य प्रदेशातल्याच पीथमपूरला जाळण्यासाठी हलवला.

भरपाईच्या सरकारी नोंदीत मृतांचा आकडा ५,२९५ आहे. पीडितांच्या संघटना तो याच्या कित्येक पट सांगतात. जखमींची सरकारी संख्या ५,५८,१२५ आहे.

निकाल

आज कंपनी कायद्याच्या १३५ व्या कलमानुसार मोठ्या कंपन्या सरासरी नफ्याचा दोन टक्के भाग समाजकार्यावर खर्च करतात. शाळा रंगवल्या जातात, झाडं लावली जातात. ते करावंच. पण कंपनीची सामाजिक जबाबदारी त्या दोन टक्क्यांत मावत नाही. ती आधी उरलेल्या अठ्ठ्याण्णव टक्क्यांत बघायची असते, म्हणजे नफा कसा कमावला त्यात. शीतकरण बंद करण्याच्या सहीत, देखभालीचं पद रद्द करण्याच्या पत्रात, इन्स्टिट्यूटचा इशारा भोपाळला न पाठवण्यात. हे करणाऱ्यांतल्या कुणाला शहर मारायचं नव्हतं. प्रत्येकाने आपल्यापुरता थोडा खर्च वाचवला किंवा थोडा त्रास टाळला. म्हणूनच मला हे जास्त भयंकर वाटतं. कारण ती माणसं आपल्याकडच्या कुठल्याही ऑफिसात बसलेली असू शकतात.

भोपाळनंतर १९८७ मध्ये कारखाना कायद्यात दुरुस्ती झाली. ४१-ब कलमाने धोकादायक कारखान्याच्या मालकावर बंधन आलं : आत काय आहे, त्याचा धोका काय, तो टाळायचा कसा, हे कामगारांना आणि आसपास राहणाऱ्या लोकांना सांगायचं. ४१-ह कलमाने कामगाराला धोका दिसताच सांगण्याचा हक्क दिला. ही कलमं त्या रात्री मेलेल्यांनी मिळवून दिली. तरीही डोंबिवलीत मे २०१६ मध्ये आणि पुन्हा मे २०२४ मध्ये रासायनिक कारखान्यात स्फोट झाला. आपण तारापूरला राहत असा, लोटे-परशुरामला, पाताळगंगेला की डोंबिवलीला, आपल्या घरापासून सर्वात जवळच्या कारखान्यात काय साठवलंय आणि भोंगा वाजला तर काय करायचं, हे विचारायचा हक्क आपल्याला आहे. विचारा. आणि आपण व्यवस्थापक असाल, तर कुणी विचारायच्या आधी सांगा.

भोपाळमध्ये त्या रात्री पुष्कळ जीव एका गोष्टीने वाचले असते, असं तज्ज्ञांनी नंतर सांगितलं : धावू नका, ओलं फडकं तोंडावर धरून घरात थांबा. घराघरात फडकी होती, माठात पाणी होतं. हे वाक्य मात्र कुणी सांगितलं नाही.